क्रमांकित मुद्राचित्रांचे मोल

सेलू म्हणताच पुष्कळांना परभणीकडील सेलू आठवते. म्हणून आरंभीच सांगतो की, मी राहतो ते सेलू वर्धा जिल्ह्यातील, नागपूर आणि वर्धा यांच्या दरम्यानचे. आमच्या गावी चित्रांचा बाजार भरत नाही. कापसाचा भाव मात्र येथे पोरासोरांनाही ठाऊक असतो. धागा केवढा, ओलावा किती, कचरा किती, हे पाहिल्यावाचून कोणी भाव बोलत नाही. चित्राचा भाव कशावरून ठरवावयाचा, असे कोणी विचारले तर मात्र चारचौघे एकमेकांच्या तोंडाकडे पाहू लागतात. हा प्रश्न आमच्या आळीत एकदा खरोखरीच उपस्थित झाला, आणि आजचे भाषण त्यातूनच निघाले आहे.

आमच्या शेजारी एक सेवानिवृत्त गुरुजी राहतात. मुंबईस मुलाकडे गेले असता त्यांनी एका विक्रेत्याकडून एक चित्र विकत घेतले. चित्रकाराचे नाव मोठे. चित्राखाली डाव्या अंगास पेन्सिलीने १८/७५ असा आकडा, उजव्या अंगास सही, आणि सोबत सोनेरी शिक्क्याचे प्रमाणपत्र. ‘मर्यादित आवृत्ती आहे, दरसाल भाव चढेल’, असे विक्रेत्याने सांगितले. गुरुजींनी दोन महिन्यांचे निवृत्तिवेतन मोजले. घरी आल्यावर मात्र त्यांच्या मनात शंकेने घर केले, आणि मला मुद्राचित्रांचा थोडासा नाद आहे हे ठाऊक असल्यामुळे ते चित्र काखेत घेऊन ते माझ्याकडे आले. म्हणाले, “पाहा जी, ही अठरावी प्रत म्हणजे आधी सतरा होऊन गेल्या. मग ही मूळ कशी? आणि नक्कल म्हणावी, तर एवढे पैसे कशाचे घेतले?”

प्रश्न मार्मिक होता. मूळ आणि नक्कल यांच्या मध्ये एक तिसरी जात असते, हे आपल्याकडे फारसे सांगितलेच जात नाही. भिंतीवरची तसबीर एकतर हाताने रंगविलेली असते किंवा छापखान्यातून आलेली असते, अशीच आपली समजूत. मुद्राचित्र हे छापलेले असते खरे. परंतु ते दुसऱ्या कोणत्याही चित्रावरून छापलेले नसते. चित्रकार लाकडावर, लिनोलियमवर, तांब्याच्या पत्र्यावर किंवा दगडावर स्वतः काम करतो, आणि त्यावरून कागदावर जो ठसा उमटतो तेच चित्र. त्याच्या मागे दुसरे ‘खरे’ चित्र कोठे दडलेले नसते. पंचाहत्तर ठसे काढले, तर ती पंचाहत्तर मूळ चित्रे होत.

याचे उत्तम उदाहरण म्हणून मी गुरुजींना नंदलाल बसूंचे ‘बापूजी’ दाखविले, अर्थात पुस्तकातले. १९३० साली गांधीजी साबरमतीहून दांडीस निघाले, आणि त्याच वर्षी नंदलालबाबूंनी हे लिनोकट केले. काळ्या भूमीवर पांढऱ्या रेषांनी कोरलेला, काठी टेकीत पुढे जाणारा म्हातारा, एवढेच चित्र. स्वराज्य मिळाल्यावाचून साबरमतीस परतावयाचे नाही असे ठरवून निघालेले तेच पाऊल पुढे १९३६ साली आमच्या वर्ध्याजवळच्या सेगावात, म्हणजे आजच्या सेवाग्रामात, येऊन थांबले. त्यामुळे या चित्राविषयी आम्हां वर्धेकरांना जरा अधिकच जिव्हाळा वाटतो. दिल्लीच्या राष्ट्रीय आधुनिक कलासंग्रहालयात हे चित्र आहे. त्याचे ठसे एकाहून अधिक निघाले, म्हणून त्यांपैकी एखादा खोटा ठरत नाही. उलट, लिनोलियमच्या तुकड्यावर सुरी चालविताना जी धार त्या रेषेस आली, ती कुंचल्याने येतीच ना. ठसा हेच तिचे जन्मस्थान.

आता आकड्याकडे वळू. १८/७५ याचा अर्थ एवढाच की, या आवृत्तीत पंचाहत्तर ठसे आहेत आणि हा त्यांतील अठरावा म्हणून नोंदलेला आहे. छापून निघालेले कागद वाळल्यावर एकत्र ठेवून त्यांवर क्रमांक घालतात, त्यामुळे पहिला क्रमांक म्हणजे पहिला ठसा असेलच असे नाही, आणि ‘एक क्रमांकाची प्रत आहे’ म्हणून कोणी जास्त दाम मागितल्यास तो हसण्यावारी न्यावा. आकड्याच्या जागी ‘ए. पी.’ ही अक्षरे असली, तर तो चित्रकाराने स्वतःसाठी राखलेला ठसा होय. असे ठसे आवृत्तीच्या सुमारे दहाव्या हिश्श्याइतके असावेत असा संकेत आहे. ते फार झाले की पंचाहत्तरीची नव्वदी झालीच म्हणून समजावे.

परंतु ही मर्यादा मुळात आली कोठून? पूर्वी ती साहित्यातूनच येत असे. तांब्याच्या पत्र्यावर मेणाचा लेप देऊन सुईने रेषा काढतात, आम्लात पत्रा बुडविला की उघड्या रेषा खोल खाल्ल्या जातात, त्यांत शाई भरतात, वरची पुसून घेतात आणि ओलसर कागद ठेवून जड रुळाखालून काढतात. यालाच एचिंग म्हणतात. दर खेपेस तो रूळ पत्र्यास दाबतो, दर खेपेस पत्रा थोडा झिजतो. आम्लावाचून नुसत्या टोकदार सुईने ओरखडलेल्या रेषेची कड तर थोड्याच ठशांत बसते आणि तिचा मखमली काळेपणा नाहीसा होतो. म्हणून आरंभीच्या ठशांना मोल. सतराव्या शतकातील रेंब्रांटचे पत्रे त्याच्या मृत्यूनंतरही अनेक पिढ्या छापले गेले. नाव तेच, पत्रा तोच, पण झिजलेल्या रेषांचे ते ठसे आणि त्याच्या हयातीतील ठसे यांच्या मोलात जमीन-अस्मानाचे अंतर आहे.

शिळाछापाची गोष्ट निराळी. १७९६ च्या सुमारास बव्हेरियात सेनेफेल्डरने ही युक्ती शोधली. तेल आणि पाणी एकमेकांस शिवत नाहीत, हेच तिचे मर्म. चुनखडीच्या गुळगुळीत दगडावर तेलकट खडूने चित्र काढावे, दगड ओला करावा, शाईचा रूळ फिरवावा. शाई फक्त खडूवर बसते. दगड फारसा झिजत नाही, म्हणून ठसे वाटेल तितके निघतात. स्क्रीन प्रिंटिंग, म्हणजे ताणलेल्या जाळीतून एकामागून एक रंग कागदावर उतरविण्याची रीत, ज्यातून निघालेल्या चित्रास सेरिग्राफ म्हणतात, तिचेही तसेच. येथे मर्यादा साहित्य घालीत नाही, माणूस घालतो. पन्नास काढीन आणि मग दगड घासून टाकीन, जाळी धुऊन टाकीन, पत्र्यावर आडवी रेघ ओढीन, असे चित्रकार म्हणतो आणि तसे वागतो. पेन्सिलीने सही करून आकडा घालण्याची चाल एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात युरोपात सुरू झाली, ती याच कारणाने. तेव्हा १८/७५ हा आकडा वस्तुतः एक वचन आहे, आणि आपण पैसे मोजतो त्यांतील बराचसा भाग त्या वचनाचा असतो. वचन देणारा कोण, हे पाहिल्यावाचून ते घेऊ नये.

वचन मोडणारेही मोठेच निघतात. साल्व्हादोर दालीने कोऱ्या कागदांवर सह्या करून ठेविल्या. १९७४ साली फ्रान्सच्या सीमेवर असे हजारो सही केलेले कोरे कागद पकडले गेले. पुढे त्यांवर कोणी काय छापावे, यास धरबंध राहिला नाही. परिणाम असा झाला की, दालीच्या त्या काळातील मुद्राचित्रावर अस्सल सही असली, तरी जाणकार हात आखडता घेतो.

महाराष्ट्रात ठशाची विद्या नवीन नव्हे. नाना फडणिसांच्या प्रेरणेने तांब्याच्या पत्र्यांवर गीता कोरण्याचे काम सुरू झाले, आणि नानांच्या निधनानंतर १८०५ साली मिरजेस पटवर्धनांच्या आश्रयाने ती छापून निघाली. १८३१ साली मुंबईस गणपत कृष्णाजींनी शिळाछापावर पंचांग छापले. आणि १८९४ साली राजा रविवर्म्यांनी मुंबईस आपला छापखाना काढला, तो पुढे लोणावळ्याजवळ मळवलीस गेला. एकेका रंगास एकेक दगड, वरून तैलरंगाचा भास व्हावा म्हणून रोगण. अशी ती लक्ष्मी-सरस्वतीची चित्रे आपल्या आज्यांच्या देवघरांत पोचली. ती मर्यादित नव्हती. घरोघर जावीत हाच त्यांचा हेतू होता. तरी आज जुना, मळवलीचा, न कापलेला, रंग न उडालेला ठसा शोधूनही लवकर मिळत नाही. कारण देवघरातील धूर, कसर आणि दिवाळीची झाडलोट यांनी आवृत्तीस मर्यादा घातली. कोणाच्या माळ्यावर असा ठसा सापडल्यास कृपा करून तो ओल्या फडक्याने पुसू नये.

याच्या उलट हेतूने काम करणारे एक नाव सांगतो, ते चित्तप्रसाद यांचे. हे बंगालचे, परंतु आयुष्याची अनेक वर्षे मुंबईस अंधेरीत राहिले. १९४३ च्या दुष्काळावरील त्यांच्या चित्रांच्या पुस्तकाच्या प्रती सरकारने जप्त करून जाळल्या. पुढे राबणाऱ्या मुलांवर त्यांनी लिनोकटांची मालिका केली. गरिबाला परवडावे म्हणून त्यांनी स्वस्त साहित्य घेतले. आज ते ठसे संग्राहकांच्या कपाटांत आहेत. यात कोणाचा दोष आहे असे मला वाटत नाही, पण ते पाहून बरेही वाटत नाही.

आता आजच्या बाजारातील खरा पेच. रझा नागपूरच्या चित्रशाळेत शिकले, हुसेन पंढरपूरचे. या दोघांचे तैलचित्र घेणे आपल्यासारख्यांच्या आटोक्यात नाही, परंतु त्यांचे सेरिग्राफ मध्यमवर्गीय घरांतही दिसतात. असे सेरिग्राफ बहुधा आधीच रंगविलेल्या चित्रावरून कुशल कारागीर रंग वेगळे करून छापतो, चित्रकार ते पसंत करून सही करतो. हे मूळ मुद्राचित्र की प्रतिकृती? माझे मत असे की, ही मधली पायरी आहे. तिच्यात कारागिरी आहे, चित्रकाराची संमती आहे. पण नंदलालबाबूंच्या सुरीसारखा हात तिच्यात नाही, आणि दाम देताना हे ध्यानात असावे. तिच्याही खाली तिसरी पायरी: चित्राचे छायाचित्र घेऊन संगणकाच्या शाई-फवाऱ्याने उत्तम कागदावर छापावयाचे आणि वर ‘मर्यादित’ म्हणून आकडा घालावयाचा. ती तसबीर आहे. सुंदर असेल, आनंद देईल. परंतु आकड्याने तिचे मुद्राचित्र होत नाही.

ओळखावयाचे कसे? एक चांगले भिंग घ्यावे, दहा पटीचे. ऑफसेटवर छापलेल्या चित्रात चार रंगांचे ठिपके फुलांसारखे मांडलेले दिसतात; वर्तमानपत्रातले छायाचित्र भिंगाखाली पाहिले की डोळा लगेच सरावतो. फवाऱ्याच्या छपाईत बारीक तुषारांची रांगोळी दिसते. शिळाछापात खडूचा अनियमित रवा असतो, सेरिग्राफमध्ये रंगाचा सपाट, किंचित जाड थर. एचिंग तिरप्या उजेडात धरले तर पत्र्याच्या कडेचा दाब कागदात रुतलेला असतो आणि शाईची रेषा बोटास लागावी इतकी उंच दिसते. काही चित्रकार मुद्दाम ठिपक्यांची जाळी वापरतात, म्हणून ठिपका दिसताच खटला निकालात काढू नये. पण मग ती गोष्ट विक्रेत्याने आपणहून सांगितलेली असली पाहिजे. सहीदेखील भिंगाखाली पाहावी. पेन्सिलीचा शिसा कागदाच्या तंतूंवर चमकतो. छापलेली सही चमकत नाही. आणि प्रमाणपत्राचे काय? जो चित्र खोटे करतो त्यास प्रमाणपत्र खोटे करण्यास वेगळा मुहूर्त लागत नाही. २००९ च्या जानेवारीत दिल्लीत रझांच्या चित्रांचे म्हणून एक प्रदर्शन भरले, उद्घाटनास स्वतः रझा गेले, आणि भिंतीवरील पुष्कळ चित्रे आपली नव्हेतच, असे त्यांना तेथे दिसून आले. रझा २०१६ साली निवर्तले. आता प्रत्येक चित्रकर्त्यास भिंतीपाशी उभे करून विचारणे शक्य नाही. म्हणून चित्र कोणत्या वर्षी, कोणत्या छापखान्यात, कोणी छापले, आजवर कोणाकोणाकडे होते, हे विचारावे आणि पावतीवर लिहून घ्यावे. ‘मूळ सेरिग्राफ, आवृत्ती इतक्याची, छापणारा अमुक’ एवढे शब्द पावतीवर लिहिण्यास जो काकू करतो, त्याच्या दुकानातून चहा पिऊन परत यावे.

भाव ठरविताना त्याच चित्रकाराच्या त्याच चित्राचा, त्याच आवृत्तीतील दुसरा ठसा लिलावात कितीस गेला, हे पाहावे. लिलावसंस्था हे आकडे प्रसिद्ध करतात. मात्र त्या आकड्यात खरीददाराकडून घेतलेले कमिशन मिळविलेले असते, आणि विकणाऱ्याच्या हाती त्याहून बरेच कमी पडते. ‘दरसाल चढेल’ हे वाक्य ऐकताच उठावे. बहुतेक मुद्राचित्रे विकत घेतली त्या दामासही लवकर विकली जात नाहीत. जे रोज पाहावेसे वाटते तेच घ्यावे, आणि नवीन, हयात, स्वतः ठसे काढणाऱ्या तरुणाकडून घ्यावे. कलाशाळांच्या वार्षिक प्रदर्शनांत असे ठसे एखाद्या बऱ्या साडीच्या दामात मिळतात, आणि करणाऱ्यास पत्रा कसा झिजला हेही विचारता येते.

आता माझीच एक फजिती सांगतो. पुष्कळ वर्षांपूर्वी अशाच एका प्रदर्शनातून मी एक एचिंग आणले होते. ते एका चौकटवाल्याकडे दिले. चौकट लहान पडली म्हणून त्याने कागदाची कड कापली, आणि चित्र पुठ्ठ्यास डिंकाने घट्ट चिकटवून मोठ्या प्रेमाने माझ्या हवाली केले. कडेबरोबर क्रमांक गेला, सही गेली, पत्र्याचा दाबही सपाट झाला. दोष त्याचा म्हणावा तर मी त्यास काहीच सांगितले नव्हते. चित्र आजही आवडते. मोल मात्र त्या कात्रीने संपले.

म्हणून जपणुकीविषयी चार शब्द. कड कधीही कापू देऊ नये. मागे साधा पुठ्ठा नको, त्यातील आम्लाने कागद तपकिरी होतो. सुती लगद्याचा जाड कागद मागावा. वर्ध्याच्या मगनवाडीत हातकागदाचे काम गांधीजींच्या काळापासून झाले, त्यामुळे सुती कागद आणि लाकडी लगद्याचा कागद यांतील भेद आमच्याकडील जुन्या माणसांस हाताने कळत असे. चिकटपट्टी लावू नये. वरच्या कडेस पातळ जपानी कागदाच्या दोन बिजागऱ्या गव्हाच्या सत्त्वाच्या खळीने लावाव्यात, म्हणजे पुढेमागे पाण्याने सुटतील. काच चित्रास टेकू नये, मध्ये जाड कागदाची खिडकी असावी. उन्हाळ्यात आमच्याकडे पारा पंचेचाळिसाच्या पुढे जातो आणि घरोघर कूलर लागतात. त्या कूलरच्या झोतासमोर चित्र लावणे म्हणजे त्यास चार महिने वाफारा देणे होय. कागद फुगतो, मग त्यावर बुरशीचे तपकिरी ठिपके येतात. पावसाच्या झडीची बाहेरची भिंत आणि पश्चिमेच्या उन्हाची भिंत याही टाळाव्यात. सेलूच्या घरात एवढ्या भिंती वगळल्या की एखादीच उरते, हे खरे.

आणखी एक सूचना, परदेशी मुले असलेल्यांसाठी. रविवर्मा, नंदलाल बसू यांच्यासारख्या काही थोड्या चित्रकारांच्या कृतींस १९७२ च्या पुरावस्तू आणि कलानिधीविषयक कायद्याखाली राष्ट्रीय कलानिधीचे स्थान आहे, आणि त्या देशाबाहेर नेण्यास बंदी आहे. आजीच्या पेटीत असे काही निघाले, तर पोरीच्या सामानात घालून देण्यापूर्वी पुरातत्त्व खात्यास विचारावे.

गुरुजींच्या चित्राचे काय झाले, हे सांगावयाचे राहिले. आम्ही दोघांनी ते खिडकीपाशी नेले. भिंगाखाली चार रंगांचे ठिपके स्वच्छ दिसले. आकाशात, झाडात, सहीतदेखील. सही पेन्सिलीची नव्हतीच, तीही छापलेली होती. आकडा तेवढा कोणी हाताने घातला होता. गुरुजी बराच वेळ भिंग डोळ्यांस लावून राहिले. विक्रेत्यास दोन पत्रे गेली, उत्तर आले नाही. मी म्हटले, चित्र उतरवून ठेवा. ते म्हणाले, “नाही जी, चित्र चांगले आहे. त्याचा काय अपराध?” त्यांनी चौकट उलटी केली, आणि चाळीस वर्षे फळ्यावर गिरविलेल्या अक्षरात मागे पेन्सिलीने लिहिले : ‘ही ऑफसेटवर छापलेली प्रतिकृती आहे. मुंबईस इतक्या रुपयांस घेतली. क्रमांक खरा मानू नये.’ खाली तारीख घातली, आणि चित्र पुन्हा खिळ्यास लावले. कूलरपासून दूर, आतल्या भिंतीवर.